तराजूचा पासंग आणि विजेचा पासंग

जुन्या बाजारात धान्य घेणारे जाणते गिऱ्हाईक माल पारड्यात पडण्यापूर्वी दुकानदाराला रिकामा तराजू उचलून दाखवावयास सांगत असे. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहिली तर ठीक. एक पारडे झुकले तर तराजूत पासंग आहे असे ठरे, आणि हलक्या पारड्याला खडा बांधून तो काढल्यावाचून तोलण्यास सुरुवात होत नसे. आपल्या बोलण्यातही हा शब्द टिकून राहिला आहे. एकापुढे दुसरा अगदीच क्षुल्लक ठरला, तर तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण म्हणतो. म्हणजे पासंग ही क्षुल्लक वस्तू, असे आपण धरून चालतो. परंतु ज्याला गुंजेच्या हिशेबाने सोने तोलावयाचे असते, त्याला हे कोणी सांगू नये. तांदळाच्या पोत्यापुढे जो पासंग दिसतही नाही, तोच सोन्याच्या मण्यापुढे मण्याहून भारी होतो.

आज आम्हांस ज्या पासंगाचा इतिहास सांगावयाचा आहे, तो विजेच्या तराजूचा आहे. शास्त्रीय उपकरणांत पुष्कळदा मोजावयाची गोष्ट आधी विजेच्या दाबात रूपांतरित केली जाते. ताऱ्याची उष्णता असो, फळाच्या रसाचा आंबटपणा असो, की भट्टीचे तापमान असो. तिचा निरोप अत्यंत क्षीण विद्युद्दाबाच्या रूपाने येतो. तो वाचता येण्याजोगा मोठा करणारी जी मंडलरचना, तिला आपण अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो. सभेतल्या कर्ण्यामुळे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र कर्ण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जे माफ असते, ते शास्त्रज्ञाच्या अ‍ॅम्प्लिफायरला माफ नसते. त्याच्या तोंडाशी काहीही आलेले नसताना त्याने शून्यच सांगितले पाहिजे. प्रत्यक्षात असा अ‍ॅम्प्लिफायर आजवर कोणीही बनविलेला नाही. प्रत्येकाच्या तोंडाशी थोडासा खोटा दाब त्याचा स्वतःचाच असतो. अभियंते याला ऑफसेट म्हणतात. आम्ही त्याला पासंगच म्हणू.

हा पासंग किती घातक, हे एका साध्या हिशेबाने कळेल. तांबे आणि कॉन्स्टंटन या दोन धातूंच्या तारा जोडल्या, तर सांध्यात दर अंश सेंटिग्रेडला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट दाब उत्पन्न होतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. आता अ‍ॅम्प्लिफायरचा पासंग समजा एक मिलिव्होल्ट, म्हणजे १००० मायक्रोव्होल्ट आहे. मग तापमापकाचे उत्तर २५ अंशांनी चुकेल. अ‍ॅम्प्लिफायर अधिक शक्तिमान करून उपयोग नाही, कारण तो निरोप हजारपट करील तेव्हा स्वतःची चूकही हजारपटच करील. पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढण्याचाही उपयोग नाही, कारण झुकलेल्या तराजूवर शंभर वेळा तोलले तरी शंभरही वेळा उत्तर त्याच बाजूला चुकते. आणि पासंग स्थिर असता तर एकदा मोजून कायमचा वजा केला असता; पण खोली तापली, भाग जुने झाले, की तो हळूहळू सरकू लागतो.

सूक्ष्म मापनाचा इतिहास सांगताना उपकरणे कशी अधिकाधिक संवेदनशील होत गेली, हे नेहमी सांगितले जाते. आमच्या मते ती अर्धीच गोष्ट आहे. दुसरी अर्धी गोष्ट उपकरणांना स्वतःच्या शून्याविषयी संशय घेण्यास कसे शिकविले गेले, याची आहे.

या गोष्टीचा आरंभ अटलांटिक महासागराच्या तळाशी होतो. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये पहिली तारायंत्राची तार पसरली गेली. वाइल्डमन व्हाइटहाउस या तिच्या विद्युत्-अधिकाऱ्याचा विश्वास जोरावर होता. संदेश नीट पोहोचेना, तेव्हा त्याने तारेवर सुमारे २००० व्होल्टपर्यंत दाब दिला, आणि आधीच अधू असलेली ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांचा मार्ग उलट होता. तारेतून येणारा प्रवाह क्षीणच राहू द्यावा आणि ऐकणारा कान तेज करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी त्याच वर्षी आरशाचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. एका इवल्याशा आरशाच्या पाठीला लहान लहान चुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्याने तारेच्या वेटोळ्यात टांगलेला असे. वेटोळ्यातून प्रवाह गेला की आरसा किंचित वळे, आणि त्यावरून परावर्तित झालेला दिव्याचा कवडसा दूरच्या पट्टीवर स्पष्ट सरके. वजन नसलेला हा प्रकाशाचा काटाच त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु कान तेज झाला, तसे नको ते आवाजही ऐकू येऊ लागले. पृथ्वीच्या पोटातून स्वाभाविकपणे वाहणारे प्रवाह लांब तारेत शिरत आणि संदेश नसतानाही कवडसा आपल्या जागेवरून ढळे. यावर क्रॉमवेल व्हार्ली यांनी १८६० नंतरच्या दशकात तारेच्या टोकाशी कंडेन्सर जोडण्याची युक्ती काढली. कंडेन्सरचा धर्म असा की बदलणारा प्रवाह त्यातून पलीकडे पोहोचतो, एकसारखा वाहणारा प्रवाह मात्र अडतो. संदेशाची टिंबे आणि रेघा बदलत्या. त्या पार झाल्या. पृथ्वीचे प्रवाह मंद. ते दाराबाहेर राहिले. तारायंत्रापुरता प्रश्न सुटला. शास्त्रज्ञाचा मात्र सुटला नाही, कारण त्याला पुष्कळदा स्थिर वस्तूच मोजावयाची असते. ताऱ्याची उष्णता टिंबारेघांत येत नाही. तिला कंडेन्सरच्या दारातून आत घ्यावे तर तीही पासंगाबरोबरच बाहेर राहते. ही अडचण पुढे पाऊणशे वर्षे शास्त्रज्ञांना छळीत राहिली.

बाहेरच्या उपद्रवाने शून्य कसे बिघडते याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १८४१ पासून होत असे, आणि १८७२ पासून ती छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटू लागली. तेथेही टांगलेला चुंबक, आरसा आणि कवडसा हीच योजना होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी पुढचे संकट ओळखले. ट्रामचे प्रवाह जमिनीतून पसरले की कुलाब्याचा कवडसा पृथ्वीचे सांगणे सोडून ट्रामचे वेळापत्रक सांगू लागणार! म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. मूस यांनी एक दिवस कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणच्या नोंदी समांतर चालू ठेवल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या जागेच्या मापांतला फरक निश्चित कळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोपर्यंत जुन्या नोंदींचा धागा न तुटता अलिबागला पोहोचला होता.

घर बदलून बाहेरचा उपद्रव टळतो. परंतु उपद्रव यंत्राच्या आतच असेल तर यंत्र कोठे न्यावे?

या प्रश्नाशी सॅम्युअल लँग्ली या अमेरिकन ज्योतिर्विदाला झुंजावे लागले. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात कोणत्या रंगात, आणि तांबड्याच्या पलीकडच्या अदृश्य भागात, किती उष्णता आहे हे त्याला मोजावयाचे होते. त्यासाठी १८८० च्या सुमारास त्याने बोलोमीटर तयार केला. त्यात प्लॅटिनमची अतिशय पातळ पट्टी असते. ती तापली की तिचा विद्युत्-रोध किंचित वाढतो. अंशाचा लाखावा भाग एवढा फरकही या उपकरणाला कळे. पण अंशाच्या लाखाव्या भागाला भुलणारे उपकरण खोलीतल्या वाऱ्याच्या झुळकेला भुलणार नाही काय? म्हणून लँग्लीने पट्ट्या दोन घेतल्या. एकीवर किरण पडे, दुसरी तिच्या शेजारीच पण झाकलेली असे. खोली तापली तर दोघी सारख्याच तापत. किरणाने तापे ती एकटीच. दोघींतला फरक तेवढा गॅल्व्हानोमीटरकडे पाठवावयाचा. ही जुळ्यांची युक्ती पुढे शंभर वर्षे अ‍ॅम्प्लिफायरच्या रचनेत पुनःपुन्हा आलेली दिसेल. तिचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत: जुळी जितकी खरोखर जुळी, तितकीच ती खरी. लँग्लीच्या पट्ट्या अगदी एकसारख्या नव्हत्या, आणि म्हणून त्याचा कवडसाही सरकतच असे.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. १९२५ मध्ये मोल आणि बर्गर या डच शास्त्रज्ञांनी गॅल्व्हानोमीटरच्या कवड्याचे हलणे एका सूक्ष्म उष्णमापक पट्टीवर घेऊन ते पुन्हा मोठे करून दाखविले. तेव्हा असे दिसले की आरसा कधीच स्तब्ध नसतो. तो सतत थरथरतो. हा इमारतीचा कंप असावा असा तर्क होता. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या गुस्टाव्ह ईसिंगने दाखवून दिले की ही थरथर हवेच्या रेणूंच्या आणि उष्णतेच्या स्वाभाविक चळवळीची आहे, आणि कोणत्याही कारागिरीने ती नाहीशी होणार नाही. ही निसर्गाने घातलेली सीमा झाली. पण थरथर ही दोन्ही बाजूंना सारखी होते. धीराने पुष्कळ वेळ मोजत राहिले की ती सरासरीत विरते. पासंग विरत नाही. थरथरीला उपाय धीर. पासंगाला उपाय युक्ती.

आता आपण काचेच्या व्हॉल्व्हच्या युगात येतो. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनविला आणि पुढे त्यातून रेडिओ जन्मला. रेडिओचे गाणे हा बदलणारा प्रवाह असल्यामुळे दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये व्हार्लीचा कंडेन्सर बसविला की पहिल्या व्हॉल्व्हचा पासंग दुसऱ्यापर्यंत जातच नाही. पण स्थिर दाब मोजावयाचा तर मधला कंडेन्सर काढावा लागतो, आणि मग एका व्हॉल्व्हची चूक दुसरा मोठी करतो, दुसऱ्याची तिसरा. व्हॉल्व्हमधला तापलेला तंतू विजेच्या पुरवठ्यात जरा चढउतार होताच कमी-अधिक इलेक्ट्रॉन सोडतो. तो जुना होत जातो तसतसा त्याचा स्वभाव बदलतो. असा अ‍ॅम्प्लिफायर हाती घेऊन शून्याची खुंटी दर थोड्या वेळाने पिळीत बसणे हा त्या पिढीच्या शास्त्रज्ञांचा नित्याचा उद्योग होता. मैफलीत तंबोरा उतरतो तसे त्यांचे शून्य उतरे.

तरीही या व्हॉल्व्हांनी काम दिले. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याची अडचण एका रसायनज्ञाने आपल्या वर्गमित्रापुढे, म्हणजे अर्नोल्ड बेकमन यांच्यापुढे मांडली. काचेच्या अग्रातून येणारा दाब इतक्या मोठ्या रोधातून येई की साध्या गॅल्व्हानोमीटरला तो पेलत नसे. १९३४ मध्ये बेकमन यांनी दोन व्हॉल्व्हांचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याशी जोडून सारे एका पेटीत बसविले. आज प्रत्येक रसायनशाळेत असणाऱ्या पीएच मीटरचे हे मूळ होय. पेटीवर शून्य जुळविण्याची खुंटी होती, हे सांगणे नकोच.

याच सुमारास अ‍ॅम्प्लिफायरच्या शास्त्रात एक मोठा शोध लागला. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेतला तरुण अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर निघाला असता त्याला कल्पना सुचली, आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ती टिपून ठेवली. अ‍ॅम्प्लिफायरच्या उत्तराचा ठराविक हिस्सा परत तोंडाशी आणून मूळ निरोपाशी ताडून पाहावयाचा, आणि फरक पडेल तेवढी दुरुस्ती करावयाची. या फीडबॅकमुळे अ‍ॅम्प्लिफायर किती पटीने मोठे करतो, हे भरवशाचे झाले. मग पासंगही यानेच का जाऊ नये? याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ताडून पाहण्याचे काम ज्या पहिल्या पायरीवर होते, पासंग त्याच पायरीत बसलेला असतो. हिशेबतपासनिसाचाच चष्मा वाकडा असेल, तर तो सर्व वह्या मोठ्या काटेकोरपणे चुकीच्या ठरवील. तोंडाशी आलेल्या दाबापैकी पाहुण्याचा किती आणि घरचा किती, हे अ‍ॅम्प्लिफायरला आतून कळण्यास काहीही मार्ग नाही.

तो मार्ग शेवटी जुन्या तराजूपाशीच सापडला. पासंगाची शंका आल्यास तोलणारा आणखी एक गोष्ट करीत असे: माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोली. गणिती गाउस यांच्या नावाने ही रीत शास्त्रात ओळखली जाते. पारडी बदलली की मालाची बाजू बदलते, पासंगाची बदलत नाही. दोन्ही तोलांवरून खरे वजन निघते, आणि पासंग किती हे ठाऊक असण्याचीही गरज उरत नाही.

विजेच्या मापनात हेच दर सेकंदाला अनेक वेळा करावे, ही कल्पना १९४० च्या दशकात फळास आली. रॉबर्ट डिकी हे युद्धकाळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या रडार प्रयोगशाळेत काम करीत. आकाशातून येणाऱ्या सूक्ष्म रेडिओलहरींची उष्णता मोजावयाची, तर ग्राहकयंत्राचा स्वतःचा गोंगाट त्या उष्णतेहून कितीतरी मोठा. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उपकरणात एक चकती सेकंदाला तीस वेळा फिरून ग्राहकाचे तोंड आळीपाळीने आकाशाकडे आणि ज्ञात तापमानाच्या वस्तूकडे करी. यंत्राचा दोष दोन्ही वेळा तोच. बदलतो तो फक्त पाहिलेला विषय. म्हणून तीसच्या तालावर जे काही हलेल तेवढेच आकाशाचे, आणि उरलेले सारे यंत्राचे. स्थिर वस्तू कंडेन्सरच्या दारातून जात नाही, ही जुनी अडचण येथे सुटली. कारण मोजणाऱ्यानेच स्थिर वस्तूला टिंबारेघांत तोडले होते.

या रीतीचे महत्त्व किती, हे पुढे वीस वर्षांनी कळले. १९६४ मध्ये अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे न्यू जर्सीतील होमडेल येथे एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या आकाशकाने मोजमाप करीत होते. त्यांनी आकाशाची तुलना द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या ज्ञात शून्याशी केली. हिशेब जुळेना, सुमारे साडेतीन अंश केल्विन एवढी उष्णता जास्तच भरे, कोणत्याही दिशेला आणि कोणत्याही ऋतूत. हा यंत्राचाच पासंग, असे समजून दुसऱ्या कोणी तो वजा करून टाकला असता. त्यांनी तसे केले नाही. सांधे तपासले, शिंगात घरटे केलेल्या कबुतरांना हाकलून त्यांची घाण साफ केली. तरी ते साडेतीन अंश हटले नाहीत. शेवटी १९६५ मध्ये उलगडा झाला तो असा की ती विश्वाच्या आरंभकाळची उरलेली ऊब होती. विशेष म्हणजे तिचा शोध घेण्यासाठी स्वतः डिकी त्या वेळी प्रिन्स्टनला उपकरण उभारीत होते. १९७८ मध्ये पेन्झियास व विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचे शून्य खात्रीचे, त्यालाच शून्याहून वेगळे काही दिसले असे म्हणण्याचा अधिकार असतो.

स्थिर दाबाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या युक्तीला चॉपर असे नाव पडले. एक थरथरणारी कळ अ‍ॅम्प्लिफायरचे तोंड आळीपाळीने निरोपाला आणि शून्याला जोडते. त्यातून निघणारी पायरी-पायरीची लाट निरोपाएवढीच उंच असते. ती कंडेन्सरमधून पार होते, मोठी होते, आणि शेवटी त्याच तालावर चालणारी दुसरी कळ तिला पुन्हा स्थिर दाबाचे रूप देते. दोष एवढाच की कळीच्या ठेक्याहून जलद बदलणारा निरोप अशा अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही. १९४९ मध्ये आरसीए कंपनीच्या एडविन गोल्डबर्ग यांनी दोघांची जोडी जमविली: एक वेगवान पण पासंगाचा, दुसरा मंद पण प्रामाणिक. वेगवान अ‍ॅम्प्लिफायर नेहमीचे काम करी, आणि चॉपरचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या तोंडाशी उरलेली चूक सतत मोजून ती त्यालाच परत सांगत असे. त्या काळच्या गणकयंत्रांना याची फार निकड होती. त्यांतली काही मंडले दाबाची कालानुसार बेरीज करीत जात. अशा मंडलाच्या तोंडाशी एक मिलिव्होल्टचा पासंग असला, आणि बेरीज सेकंदाच्या मापाने चालली, तर एका मिनिटात तो साठ मिलिव्होल्ट होऊन बसे.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा तापलेल्या तंतूची कटकट गेली, पण पासंग गेला नाही. ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी असणारा दाब दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने बदलतो. म्हणून पुन्हा लँग्लीची जुळी! दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून त्यांतला फरक घ्यावयाचा. १९६० च्या दशकात सबंध अ‍ॅम्प्लिफायर सिलिकनच्या एकाच कणावर बनू लागला, तेव्हा ही जुळी एकाच मातीतून, एकाच आव्यात भाजून निघालेल्या मडक्यांसारखी झाली. तरीही १९६८ मधल्या म्यूए-७४१ या सर्वत्र खपलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा पासंग काही मिलिव्होल्टांपर्यंत असू शके. आणि नवी पंचाईत अशी की त्याच कणावर बसलेला शेवटचा शक्तिमान ट्रान्झिस्टर तापतो, आणि त्याची धग जुळ्यांपैकी जवळच्याला अधिक लागते. दोघांत अंशाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला, तरी दोन मायक्रोव्होल्टांची चूक झालीच.

जॉर्ज एर्डी या अभियंत्याने यावर जो तोडगा वापरला, तो कॅरमच्या डावावरून चटकन समजेल. कॅरममध्ये चौघे बसतात आणि जोडीदार समोरासमोर असतात. एका बाजूस शेगडी ठेवली, तर एकाला धग जास्त लागेल, पण त्याचा जोडीदार तितकाच लांब असेल. दोन्ही जोड्यांची सरासरी सारखीच राहील. एर्डीच्या १९६९ मधल्या म्यूए-७२५ या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दोनाऐवजी चार ट्रान्झिस्टर अशाच तिरप्या जोड्यांनी बसविलेले होते. पुढे १९७५ च्या ओपी-०७ मध्ये त्याने खडा बांधण्याची रीतही आणली. कणावर लहान लहान रोधांची रांग ठेवलेली असे. कारखान्यातच प्रत्येक कणाचा पासंग मोजून, विजेचा जोराचा ठोका देऊन त्यांपैकी नेमके हवे तेवढे रोध कायमचे निकामी केले जात. उत्तम प्रतीच्या ओपी-०७ चा पासंग २५ मायक्रोव्होल्टांच्या आत असल्याची हमी मिळू लागली. या जातीच्या ट्रान्झिस्टरांत आणखी एक सोय निसर्गतःच आहे: प्रत्येक मिलिव्होल्ट पासंगामागे तो दर अंशाला सुमारे ३.३ मायक्रोव्होल्टने सरकतो. म्हणून पासंग काढला की त्याचे सरकणेही बरेचसे थांबते. दुसरीकडे चॉपरची थरथरणारी कळही सिलिकनच्या कणावर आली. १९८० च्या सुमारास आलेल्या इंटरसिल कंपनीच्या अशा अ‍ॅम्प्लिफायरचा पासंग मायक्रोव्होल्टच्या घरात उतरला.

मग प्रश्न संपला काय? असे वाटले तेव्हाच पासंग अ‍ॅम्प्लिफायर सोडून बाहेरच्या तारांत जाऊन बसलेला आढळला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात उष्णतेने दाब निर्माण होतो, हे सीबेकने १८२१ मध्येच दाखविले होते. स्वच्छ तांबे तांब्यालाच जोडले तर दर अंशाला मायक्रोव्होल्टचा पाचवा भागही पडत नाही. साध्या डाखाने जोडले तर एक ते तीन मायक्रोव्होल्ट. आणि तांब्यावर गंज चढून सांधा तांबे व तांब्याचा ऑक्साइड यांचा झाला, तर हजाराच्या आसपास! म्हणून अशी मंडले रचणाऱ्याला पुष्कळशी कामे सुताराच्या नि गवंड्याच्या चिकाटीने करावी लागतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारेत सांध्यांची संख्या सारखी ठेवावयाची, ते सांधे एकमेकांच्या शेजारी, एकाच तापमानात ठेवावयाचे, तापणारे भाग दूर न्यावयाचे, आणि सर्वांवर झाकण घालावयाचे, म्हणजे झुळूक लागणार नाही. कागदावरच्या आकृतीत यांतले काहीच दिसत नाही. आणि चॉपरही निर्दोष नाही. प्रत्येक वेळी कळ बदलताना ती स्वतःचा एक सूक्ष्म झटका निरोपात मिसळते.

हा सारा इतिहास प्रयोगशाळेतच राहिलेला नाही. आज किराणा दुकानात जो विजेचा काटा दिसतो, त्याच्या पोटातली धातूची पट्टी मालाच्या भाराने वाकते आणि दाब निर्माण करते. समजा काटा दहा किलोंचा आहे आणि पूर्ण भाराला दहा मिलिव्होल्ट मिळतात. असे आकडे या काट्यांत सामान्य आहेत. म्हणजे एक ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट! अ‍ॅम्प्लिफायरचा पासंग दोन मिलिव्होल्ट असेल तर दोन किलो माल कोणी न ठेवताच तोलला जाईल. काट्यावरची शून्याची कळ तेवढा पासंग त्या क्षणापुरता वजा करते. परंतु कळ दाबल्यानंतर दुपारच्या उन्हात तो जितका सरकेल, तितके ग्रॅम कोणाच्या तरी पदरातून जातील. म्हणून चांगल्या काट्यांत पट्टीला दिलेली वीज मधून मधून उलट करून दोन्ही उत्तरे ताडून पाहतात. पारडी बदलून तोलण्याची गाउसची रीत ती हीच.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या खटाटोपात एकंदर तीनच उपाय सापडले: खडा बांधणे, जुळे शेजारी ठेवणे, आणि पारडी बदलणे. तिन्ही बाजारातल्या तोलणाऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी ते व्होल्टच्या दहा लाखाव्या भागापर्यंत नेले. पासंग शून्यावर आणणे त्यांनाही साधलेले नाही, आणि साधणारही नाही. त्यांनी साधले ते इतकेच की यंत्राला आपला पासंग लपविता येऊ नये. तेव्हा आपणही विजेच्या काट्यापुढे उभे राहू तेव्हा माल ठेवण्यापूर्वी रिकाम्या काट्याचा आकडा एकदा पाहावा, आणि माल उचलल्यावर तो पुन्हा शून्यावर येतो की नाही, तेही पाहावे. दुकानदार प्रामाणिक असला तरी पाहावे, कारण येथे तपासावयाचा असतो तो दुकानदार नव्हे, काटा.